वैशू, तू लिहून दिलं होतंस

लाडक्या वैशू,

काल तुझा पुरस्कार घेऊन आलो. ‘अतिवाहक पदार्थांवरील संशोधनासाठी’ असं त्यावर कोरलंय आणि तुझ्या नावाआधी ‘कै.’ लावलंय. आईने ते वाचलं आणि ती आत निघून गेली. काल तिच्याशी बोलायला तोंड नव्हतं; आज तुला लिहितोय.

दिवाळीत तू मोबाइलवर दाखवलं होतंस, आठवतं? काळ्या चकतीवर लोहचुंबक अधांतरी तरंगत होता. आई म्हणाली, “भानामती हाय का गं ही?” तू हसलीस. “नाय गं आई, थंडी हाय. चकती इतकी गार केली की तिच्यातनं वीज जराही न अडता वाहते.” ती थंडी द्रवरूप नायट्रोजनची. तो हवेत मिसळला तर ना दिसतो, ना वास येतो, आणि खोलीतला ऑक्सिजन हुसकावून लावतो.

त्याच दिवाळीत ओटीवर तू मला म्हणालीस, “बाबा, प्रयोगशाळेतल्या खोलीत ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा अलार्म बंद हाय. दोनदा अर्ज दिला. कोणी बघत नाय.”

आणि मी काय म्हणालो? “सरांच्या तोंडी लागू नको. एवढी पीएचडी पुरी कर.”

हे मी म्हणालो, वैशू. रसायनीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. अलार्म बंद असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, हे नव्या कामगारांना मीच बजावायचो. लोकांच्या पोरांना सांगितलं, ते तुला का नाही सांगितलं? तुझ्या नावापुढे डॉक्टर लागलेलं बघायची मलाच घाई झाली होती.

महिनाभरात नायट्रोजनच्या पिंपाची झडप गळली आणि बंद खोलीतला ऑक्सिजन संपला. तुला काही कळलंच नसेल, असं डॉक्टर म्हणाले. पण तू दाराशी पडली होतीस. मग कळलं होतं का गं?

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या साहेबांनी कागद पुढे केला. ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ मी सही केली. तुला लवकर घरी, खालापूरला आणायचं होतं. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

काल तुझे सर भाषणात ‘दुर्दैवी अपघात’ म्हणाले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आभार लिहून नेले होते, ते खिशातच राहिले. म्हणालो, “अलार्म बंद होता. माझ्या पोरीनं दोनदा लिहून दिलं होतं.” सर खाली बघत राहिले.

जिन्यात तुझ्या प्रयोगशाळेतली रेश्मा मागून आली. तुझ्या दोन्ही अर्जांच्या प्रती तिने माझ्या हातात दिल्या. पोचेचा शिक्का आहे त्यांवर. “काका, आधीच द्यायला हव्या होत्या. घाबरले होते मी.”

“अलार्म?”

“अजून बंदच आहे.”

“मग तू त्या खोलीत जायचं नाहीस. कोणीही सांगू दे.” तुला सांगायचं ते मी तिला सांगितलं.

सकाळी आईसमोर प्रती ठेवल्या. तुझ्या अक्षरावरून तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, “आता तरी गप ऱ्हाऊ नका.”

उद्या आम्ही दोघं पोलीस ठाण्यात जातोय. ती सही मी मागे घेणार आहे. सहीआधी मला काय माहीत होतं, दिवाळीत मी तुला काय म्हणालो होतो, तेही जबाबात लिहून देणार आहे. क्षमा मागत नाही तुझी. किती वर्षं लागतील ठाऊक नाही, पण बोलावतील तिथे मी जाईन. मी थकलो तर आई जाईल.

तुला गप्प बसवणारा,
बाबा