सवचं गरम पाणी

महाड,
९ फेब्रुवारी २००७

प्रिय कालिंदी,

तू ठाण्याची एस.टी. पकडून गेलीस त्याला आठवडा होत आला. पोलादपूरला धाकट्या भावाच्या ओजसचं लग्न तुझ्यावाचून लागलं. काकूला ताप आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा शाळेतली एक कविता ओठांवर आली, पण शेजारी तू नव्हतीस. तुझं 'पुरे हो आता' ऐकल्याशिवाय माझी कविता संपतच नाही.

मी अजून सुन्न आहे. घरात लग्न निघालं की थोरल्या जोडप्यानं आधी सवच्या गरम पाण्याच्या कुंडात न्हाऊन यायचं, ही आपल्याकडची रीत. आपल्या वेळी आई-दादा गेले होते, आता पाळी आपली. तू आदल्याच दिवशी इरावतीकडून आलेली. 'यंदा राहू द्या ना, मी घरीच अंगावर पाणी घेते,' म्हणालीस. मला वाटलं, थंडीचा कंटाळा. बसवलं तुला रिक्षात! भिंतीपलीकडे बायकांच्या कुंडातून तिथल्या रंगूबाईचा आवाज येत होता, 'वयनी, तोंडावं घ्या पानी! नव्या नवरीवानी लाजताय काय? हळद मी चोळते, या हिकडं.' आणि मी इकडे वाफेत बसून खुशाल गुणगुणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेली धोंडूबाई किंचाळली, 'अगो बाय माजे! गांधलमाश्या डसल्या काय वो तुमाला?' तू पदर ओढून घेतलास आणि दुपारच्या आत घर सोडलंस.

मग इरावतीचा फोन. 'बाबा, आईनं गालांत इंजेक्शनं घेतली होती. खळगे भरायची.' मी पुन्हा पुन्हा विचारलं, कसली? तोंडात? सुई? धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना जी माझा हात पिरगाळायची, तिनं हौसेनं गालांत सुया टोचून घेतल्या! इरावती चिडली होती. 'डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन दिवस गरम पाणी नको, वाफ नको, ऊन नको, चोळायचं तर मुळीच नाही. आणि तुम्ही तिला नेलंत कुठे? कुंडात!' अगं, मला सांगण्यापेक्षा त्या पाण्यात उतरणं तुला सोपं वाटलं?

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. ओजसच्या साखरपुड्यात मुलीच्या आत्यानं तुला विचारलं म्हणे, 'तुम्ही शरदरावांच्या थोरल्या बहीण का?' मी तिथेच होतो, बासुंदी खात. मला ऐकूच आलं नाही. एवढं मनात घेऊन तू घरी आलीस, भांडी लावलीस, मला दूध दिलंस. इरावती म्हणते, सूज उतरतेय, पण डावा गाल अजून जरा वर दिसतो, म्हणून 'हे तोंड घेऊन ह्यांच्यासमोर जायची नाही' असा तुझा हट्ट आहे.

म्हणून हे लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, त्याचंही कारण सांगतो. कालिंदी, गेली दोन वर्षं मला तुझा चेहरा नीट दिसतच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. उजेडात तू एक फिकट आकार, बाकी सगळी बांगड्यांच्या आवाजावरून ओळखीची. पुस्तक उघडून ज्या कविता मी तुला वाचून दाखवतो, त्या सगळ्या पाठ आहेत. कळलं तर चवदार तळ्यापर्यंतचं माझं एकट्यानं फिरणं बंद करशील, म्हणून बोललो नाही. त्या सकाळी तुझी सूजसुद्धा मला दिसली नव्हती, फक्त धोंडूबाई ऐकू आली. ज्याच्यापासून तू तोंड लपवतेस, त्याला ते दिसलेलंच नाही गं. गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, शुक्रवारी पट्टी काढतील. शेजारचा मुकुल सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलंय. गाल वर असो, खाली असो, तू ये. पट्टी सुटल्यावर पहिलं काय दिसावं मला? दवाखान्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर?

वाट पाहणारा, तुझाच,
शरद