हरभऱ्यापुढे व्याख्यान

२७ नोव्हेंबर १९७२, सोमवार
दिवाळीची सुटी संपली. सायन्सचे मास्तर राहुरीला विद्यापीठात नोकरी धरून निघून गेले. हेडमास्तर आप्पासाहेब म्हणाले, नवा माणूस मिळेपर्यंत आठवीचं जीवशास्त्र तुम्ही घ्या. म्हटलं, मी मराठीचा माणूस. म्हणाले, पुस्तक मराठीतच आहे.
नाइलाज. पण ज्याने राहात्याची सभा माइकशिवाय गाजवली, त्याला पेशी आणि केंद्रक काय जड?

२८ नोव्हेंबर
पहिला धडा, शास्त्रीय पद्धत. आधी निरीक्षण, मग अंदाज, मग प्रयोग, शेवटी निष्कर्ष. फार लांबचा रस्ता. मला निष्कर्ष आधीच सुचतो.
पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टरसाहेब येणार. त्यांना ओरिजिनल संशोधन दाखवायचं. माझा अंदाज: वनस्पती सजीव, म्हणजे तिला चांगलं बोलणं कळणारच. माझ्या आवाजाने हरभरा जोमाने वाढेल. उद्यापासून पहाटे उठणे. चहा बंद.

२९ नोव्हेंबर, सकाळी ८
आत्ताच उठलो. चहा घेतला. (थंडी.) डालड्याच्या दोन डब्यांत हरभरा पेरला. 'अ' डब्यापुढे रोज व्याख्यान. 'ब' मोरीजवळ, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद.
आमच्या राहीबाई म्हणाल्या, "हिरीनं तळ गाठला, गाव पान्यासाठी वणवण करतंय, आन् तुमी डब्याशी बोलत बसा." बायकोला सायन्स समजावण्यात अर्थ नाही.

४ डिसेंबर
'अ'ला कोंब! 'ब'लाही आलाय, पण त्यात तो बाणेदारपणा नाही. पट्टीने मोजणार होतो. अनुभवी डोळ्याला पट्टी कशाला?

८ डिसेंबर
'अ' पिवळा पडला. 'ब' हिरवागार, माजल्यासारखा. विषय जड झाला असावा. उद्यापासून सोपं बोलणे. घसा बसलाय.

९ डिसेंबर
उलगडा झाला! राहीबाई तांदूळ धुतलेलं पाणी रोज 'ब'त ओतते. जाब विचारला. म्हणते, "मुकाट्यानंच वतलं की. बोलायचं न्हाई म्हनला हुता. पानी घालायचं न्हाई, असं कुटं म्हनला?"
प्रयोगाचा खून. 'अ'ला पाणी घालायचं बोलण्याच्या भरात माझ्याकडून राहून गेलं, पण तो मुद्दा गौण.

११ डिसेंबर
डबे वर्गात नेले. वाटेत त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या बदलल्या. घरातल्या ढवळाढवळीची ही फक्त दुरुस्ती. पोरं थक्क. एकटी सुरय्या उभी राहिली, फक्रुद्दीन टांगेवाल्याची मुलगी.
"सर, दोन्ही डब्यांना पानी सारखं घातलं हुतं का?"
खाली बस म्हटलं. बसली नाही. "आन् ऊन? तुमीच शिकवलं, सर. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची."
हे मी शिकवलं? पुस्तकात असेल, मी मोठ्याने वाचलं असेल. इतकी शंका आहे तर तूच करून दाखव, असं रागाने बोलून गेलो. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, ते कळलं नाही.

१२ डिसेंबर
पोरांनी खरंच डबे मांडले. माती एक, बी एक, ऊन एक. पाणी प्रत्येकाने आपल्या प्यायच्या बाटलीतून काढून घातलं, झाकणाने मोजून. तेही असल्या दुष्काळात.
सुरय्या म्हणाली, "आवाज तुमचाच पायजे, सर." हे उघडच होतं. माझ्या आवाजाचा पल्ला बघून गप्प डबे पार मारुतीच्या देवळामागे न्यावे लागले. माझ्या मते इथेच निम्मं सिद्ध झालं.

१९ डिसेंबर
रोज डब्यांपुढे बोलतोय. पोरं मापं घेतात, मला दाखवत नाहीत. "साहेब आल्यावर, सर." उद्धटपणा.

२२ डिसेंबर, शुक्रवार
इन्स्पेक्टर आले. मी खाकरलो, तेवढ्यात सुरय्या पुढे. सगळे डबे एका रांगेत. यातल्या कोणत्या डब्यांपुढे सर बोलले, ते साहेबांनीच ओळखायचं. साहेबांना ओळखता येईना. मग हिने पट्टी लावून मापं वाचली. फरक नाही. शेवटी खणखणीत आवाजात (वक्तृत्व मीच शिकवलंय): "सरांच्या बोलण्याचा हरभऱ्यावर काहीही परिणाम होत नाही."
मी म्हटलं, बियाणं हलकं असावं.
साहेबांनी विचारलं, मास्तर, तुमचं चुकलं हे तुम्हाला कशाने पटेल?
म्हटलं, कशानेच नाही, साहेब.
ते हसत सुटले. त्यांना वाटलं, मी पोरांसाठी नाटक करतोय. पाठ थोपटली. पाठ अजून दुखतेय.

२३ डिसेंबर
साहेबांचा शेरा: 'शिक्षकाने आपलाच अंदाज विद्यार्थ्यांकडून खोडून घेतला. शास्त्रीय पद्धतीचा आदर्श पाठ.'
आप्पासाहेब खूश. आता नवा माणूस नको. जीवशास्त्र कायमचं माझ्याकडे, नववीचंसुद्धा. मराठी पी.टी.चे मास्तर घेतील. म्हटलं, त्यांना शिट्टीशिवाय काही वाजवता येत नाही. म्हणाले, पुस्तक मराठीतच आहे.
पुढचा धडा उघडून बसलो. गांडूळ. त्याला कान नसतात.