गाडीखालची दुपार

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र म्हणजे मुक्या लेकीनं बहिऱ्या बापाला मारलेली हाक आहे. मधे नात बसलीय वही घेऊन. मी बोलते, ती लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते आणि वर मलाच सांगते, आजी, वाचायला बरं दिसतं. दिसू दे. कालच्या दुपारपासून ती माझ्या शब्दाबाहेर नाही, तेवढी सूट तिला दिलीय. तुमच्याशी मी जन्मात एकदाच खोटं बोलले. ते कुठलं, हे तुम्हाला माहीत होतं. का बोलले, हेही माहीत आहे असं तुम्ही मरेपर्यंत धरून चाललात. त्याचंच सांगायला बसलेय.

ही नात पुण्याला असते. चारही चाकं ओढणारी मोठी गाडी घेतलीय तिनं. तुमच्या वेळी रस्ता नव्हता म्हणून लोक दगडाधोंड्यांत गाडी घालायचे. आता रस्ता असतो, तो सोडून हे लोक दगडाधोंड्यांत शिरतात आणि त्याला सुट्टी म्हणतात. परवा तिनं चार वर्षांच्या लेकीला माझ्याकडे राहात्याला सोडलं आणि मैत्रिणींबरोबर अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेली. ओढ्यातून, खडकावरून, जिथं बैल नाही म्हणेल तिथून गाडी चढवली म्हणे. काल सकाळी आली तर गाडी नवरीसारखी न्हाऊन उभी. वाटेत संगमनेरला धुऊन घेतली होती. मी ओट्यावर पेरू निवडत बसले होते. विचारलं, "वरनं धुतली का खालनं बी?" ती म्हणाली, "खालून पण. प्रेशर मारून." मी म्हटलं, "मग लपवायचं काय हाय?" ती हसली. म्हातारी चेष्टा करते, एवढं तिला माहीत आहे. चेष्टा मी करतेच, पण कधी नुसतीच करते आणि कधी दात लावून करते, ते अजून तिला ओळखता येत नाही.

डोंगरातून आलेली गाडी कुणी धुऊन आणली की तुम्ही हात लावत नव्हता. "मढं धुऊन आणलं, आता कशानं मेलं ते कुनी सांगायचं?" असं म्हणून तोंड फिरवायचात. संगमनेरच्या बाहेर नाशिकच्या रस्त्याला आपली गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर, आणि शेडीत तुमचा तो नेम. ज्यानं गाडी आपटली त्यानं स्वतः गाडीखाली उताणं निजायचं, एकेका जखमेवर बोट ठेवायचं आणि ती कुठं, कशी झाली ते मोठ्यानं सांगायचं. मग तुम्ही पाना उचलणार. एका बागायतदाराचा पोरगा पांढऱ्या कपड्यांत आला होता, त्यालाही तुम्ही काळ्या तेलात निजवलं. समोरच्या चहावाल्याकडची माणसं कप घेऊन बघायला आली. तो रडकुंडीला आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता गाडी तुझी झाली." लोक म्हणायचे, आबा शिस्तीचा माणूस. शिस्त होतीच. पण तुम्हाला त्यात गोडी वाटायची, हे मला बाजूला उभं राहून दिसायचं. मला कसं दिसायचं विचाराल, तर तीच गोडी माझ्यातही उतरलीय.

मी किडकिडीत होते, जॅक न लावता गाडीखाली सरपटत जायचे. नवव्या वर्षापासून तुम्ही मला पाठवत होता. खाली दिसायचं काहीच नाही, सगळं बोटांनी. इंजिनाचं तेल जड, बोटाला धरून बसतं. ब्रेकचं तेल पातळ, निसरडं, आणि रंगावर पडलं की रंग सोलतं. तुम्ही वरून विचारायचात, "काय घावलं?" आणि मी खालून सांगायचे. माझं कधी चुकलं नाही. बाराव्या वर्षी तुम्ही मला छोटा दुतोंडी पाना दिलात, माझा एकटीचा. परकराच्या नाडीला बांधून मी तो घेऊन निजायचे. दोन वर्षांनी तुम्ही नगरच्या लष्कराच्या लिलावातून जीप आणली. ती आपण दोघांनी उघडली, दोघांनी बांधली, तिची एकेक नळी माझ्या हाताखालून गेली. आणि ती चालती झाली त्या दिवशी तुम्ही किल्ली दादाच्या हातात दिलीत. मी अंगणात दहा पावलं तरी चालवू द्या म्हणाले, तर चार माणसांत माझ्या कमरेचा पाना ओढून काढलात आणि तोही त्याला दिलात. "पोरीच्या कमरंला किल्ल्यांचा जुडगा शोभतो, पाना न्हाई." दादा एकोणीस वर्षांचा. त्याला पाना कुठल्या तोंडानं धरायचा तेही माहीत नव्हतं. आठ दिवसांत त्यानं तो नदीत हरवला, आणि मी विचारलं तर म्हणाला, "गेला वाहून. तू जा शोधायला."

त्याच आठवड्यातली ती दुपार. दादा सकाळीच डोंगरातून हिरड्याची पोती घेऊन आला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं होतं. येताना त्यानं वाट सोडून ओढ्यातून जीप घातली होती. नेमानं त्यानं खाली निजायला हवं. तुमचा नेम जगाला होता, लेकाला नव्हता. मला पाठवलंत. मी खाली गेले, मागच्या ॲक्सलवर हात फिरवला आणि मला सापडलं. ब्रेकची नळी एका जागी चेपून चपटी झाली होती आणि नटापाशी ओल होती.

"काय घावलं?"

"नळी चेपलीय. ब्रेक ऑईल सुटतंय."

दादा म्हणाला, "दगूड लागलाच न्हाई, आबा. वढ्यातनं आलो, पानी असंल."

"पानी बोटाला असं लागत न्हाई," मी म्हणाले.

"थोरल्या भावाला खोटं पाडती व्हय गं?" तुमचा आवाज मला आठवतो, चढलेला नव्हता. "पाना गेला म्हनून डूख धरलास. शब्द मागं घेस्तोवर तितंच पड." तुम्ही वाकून बघू शकत होता. वाकला नाहीत, कारण वाकला असता तर पोरगा खोटा ठरला असता. तेलाचा डबा पालथा घालून त्यावर बसलात, डोक्यावर टॉवेल टाकलात. चैत्रातली दुपार. आई दारात आली, म्हणाली, "पानी तरी देऊ का पोरीला?" तुम्ही म्हणालात, "शब्द आधी, पानी मग." दादा विडी ओढायला समोर निघून गेला. मला खालून तुमचे पाय दिसत होते. बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "नसंल. मलाच वाटलं." तुम्ही उठलात, टॉवेल झटकलात, आणि आई तांब्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना नळी फुटली. तेव्हाच्या जीपला एकच लाईन, एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. दादानं जीप दरडीवर घातली म्हणून जीव वाचला. गाडी उलटली, पाय खाली सापडला, नगरच्या दवाखान्यात गुडघ्याखालून काढला. आणि तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून आल्यागेल्याला सांगितलंत, "पोरीच्या हाताखालनं नळी सुटली." तुम्हाला माहीत होतं, दादाला माहीत होतं, आईला माहीत होतं. तिघांनी मिळून ते माझ्या गळ्यात बांधलं आणि वर्षाच्या आत लग्न करून मला राहात्याला पाठवलं. भाऊबीजेला मी ताट घेऊन बसायचे तेव्हा दादा न चुकता म्हणायचा, "ओवाळ बाई, पन हात नीट फिरव. तुझ्या हाताखालनं काय काय सुटतं." सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि त्याच्या लाकडी पायाकडे बघून ओवाळायचे. त्याला ते झोंबायचं, मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी तोही गेला. तुम्हाला भेटला असेल. एका पायानं आला का दोन्ही, ते तुम्हीच बघितलं असेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी उशाशी होते. तीन दिवस तुम्ही कुणाला ओळखत नव्हता, आणि मग माझं मनगट धरलंत. "उनात निजवलं तुला," म्हणालात. "लई ऊन हुतं. पोर कितीक सोसंल." पुन्हा पुन्हा तेच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "पानी घ्या, आबा." दुसरं काही म्हणाले नाही. म्हणता आलं असतं.

आता कालचं ऐका. जेवण झाल्यावर नात पुण्याला निघाली. लेक मागच्या सीटवर पट्टा लावून पेरू खात होती. मी म्हटलं, थांब, खाली बघू दे. ओट्यासमोर खताची गोणी अंथरली आणि सत्तराव्या वर्षी गेले सरपटत. या गाड्या उंच असतात, तेवढं बरं. पुढचा पत्रा खरवडलेला, एक दांडा वाकलेला, आणि मागे ॲक्सलवर हात गेला तर तेच. चेपलेली नळी, नटापाशी ओल. धुतल्यावर सगळं वाळलं होतं, ओल तेवढ्याच जागी होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "आजी, समोर एकही लाईट लागलेला नाही. काही असतं तर गाडीनंच सांगितलं असतं."

"तुझी गाडी तुझ्याएवढीच खरं बोलत असंल."

मग तिला राग आला. तिला उशीर होत होता, ऊन होतं, पोर कुरकुरत होती. म्हणाली, "तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नव्या गाडीतलं तुला काय कळतं? दादाआजोबांची नळी नाही का सुटली तुझ्या हातून? सगळ्या घराला माहीत आहे."

आबा, मी अजून गोणीवर उताणी होते. मला तिच्या चपला दिसत होत्या, आणि तोच 'नसंल' माझ्या जिभेवर आला. अगदी तोच. सुपारीसारखा गालात धरला मी. एक शब्द टाकायचा अवकाश, ती निघाली असती. पुढे चंदनापुरीचा घाट. वर लेक पेरूच्या बिया थुंकत होती, एक बी माझ्या हाताजवळ येऊन पडली. मी बाहेर आले आणि म्हणाले, "पोरीला उतरव. आत बस, गाडी चालू कर आणि ब्रेक दाब. मी थांब म्हनंपर्यंत दाब." तिनं रागारागानं दाबायला सुरुवात केली. मी मोजत उभी. विसाव्या दाबाला पाय गाडीच्या तळाला टेकला आणि मागच्या चाकापाशी धार लागली. नात उतरली नाही लगेच. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मागच्या रिकाम्या सीटकडे आरशातून बघत राहिली.

मी तिला सोडलं असेल असं वाटतं तुम्हाला? गोणी काढून घेतली आणि तिला उघड्या मातीवर निजवलं. एकेका जखमेवर बोट ठेवून सांगायला लावलं, हा खडक कुठला, हा दांडा कशानं वाकला, धुताना मनात काय होतं. शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या, त्यांना मी पेरू दिले. ती रडली तेव्हा म्हटलं, "आता गाडी तुझी झाली." मग गावातला मिस्त्री बोलावला. त्यानं नवी नळी टाकली, तिच्यातली हवा काढली, दांडा बदलला. म्हणाला, आजींना बरं कळलं.

दिवे लागायच्या वेळी नात माझे पाय चेपायला बसली. मग म्हणाली, "आजी, म्हणजे तेव्हाही तुला सापडलं होतं."

"सापडलं हुतं."

"मग नसेल का म्हणालीस? ऊन फार होतं का?"

त्यावर मी म्हटलं, उद्या वही घेऊन बस. म्हणून हे पत्र. हे कुठं टाकायचं नाही. तिच्या गाडीच्या खणात, गाडीच्या कागदांत राहील. रस्त्यात कधी पोलिसानं अडवलं तर तो वाचील, आणि तिला जाऊ देईल.

जीप सकाळपासून उभी होती, इंजिन गार झालं होतं. शेडीपुढं मीच पाणी मारलं होतं, जमीन ओली होती. मी पाठ टेकून पडले होते, नळीतून थेंब कसा जमतो ते बोटानं बघत होते, आणि मनात म्हणत होते, जाऊ दे दादाला तसाच एकदा. तहानही लागली नव्हती. नातीचं पेन थांबलंय. लिही, म्हटलं तिला, एवढं लिही आणि वही मिट. ऊन तुमच्या डोक्यावर होतं, आबा. गाडीखाली सावली होती.