बिनआवाजाचा कमोड

१ एप्रिल
दहावीची उन्हाळी बॅच सुरू. सकाळी सात ते दहा, संध्याकाळी चार ते सात. हॉलमध्ये पंचवीस पोरं मावत नाहीत. घसा आजच बसला.

साडेचारला त्रिकोणमिती जरा रंगात येत होती, तेवढ्यात माझे बाबूजी संडासात गेले. दार हॉललाच लागून. आमचा फ्लश म्हणजे धरणाचं दार उघडतं, मग टाकी भरेपर्यंत दोन मिनिटं शिट्टी. कूलरच्याही वरताण. मागून कुणीतरी म्हणालं, "बाढ़ आ गई!" सगळे खिदळले. मलाही हसू आलं.

जेवताना बाबूजींना सांगितलं, क्लास चालू असताना फ्लश नका करत जाऊ, पोरं हसतात. "बरं वं," म्हणाले. टाकी गळतेही आहे. प्रमोद म्हणतो, बाथरूम पूर्णच नवीन करून घेऊ. नवऱ्यांचं बरं असतं, म्हणायचं असतं.

५ एप्रिल, रविवार
प्र.बरोबर तीन दुकानं. कमोड बघून डोळे पांढरे. सगळे पांढरेच. विचारलं, यातला कमी आवाजाचा कोणता? विक्रेता म्हणाला, "मॅडम, आवाज किसी का नहीं आता." खरंच आहे, दुकानात एकालाही पाण्याची जोडणी नाही. बसून बघा म्हणाला. बसले. प्र. दूर जाऊन टाइल्स बघू लागला.

एकाने मात्र नीट सांगितलं. साध्या कमोडात पाणी वरून आपटतं, म्हणून दणका. दुसऱ्या जातीचा असतो, तो पाणी फिरवून आतून ओढून घेतो. तो शांत. आणि टाकी भरणारा वॉल्व्हही चांगला हवा, नाहीतर शिट्टी तशीच. बाबूजींचे गुडघे सांगितले तर म्हणाला, दोन इंच उंच घ्या.

सगळं पटलं. पण ऐकल्याशिवाय कसं घेणार?

९ एप्रिल
आता लोकांकडे जाऊन फ्लश ऐकते आहे. जाऊबाईंकडे: दिसायला राणी, आवाज ट्रकचा. शाळेतल्या मैत्रिणीकडे: शांत, पण दोनदा करावा लागतो. मग काय उपयोग? प्र.च्या साहेबांकडे चहाला गेलो होतो, तिथला उत्तम. खात्री करायला तीनदा केला. बाहेर आले तर साहेबांच्या बायकोने ओआरएसचं पाकीट हातात ठेवलं. नको कसं म्हणणार, घेतलं.

१२ एप्रिल
ऊन भाजतंय. बाबूजींचे ओठ फुटलेत. सकाळी पाण्याचा तांब्या भरून ठेवते, दुपारी रिकामा असतो, पण मी त्यांना पिताना एकदाही पाहिलं नाही. जेवतानासुद्धा पेल्याला हात नाही. आज धरलंच.

"पाणी काहून नाही पीत, बाबूजी?"
"लेकीच्या घरचं पाणी बापानं पिऊ नाही."
"आणि वरण? त्यात काय तूप आहे नुसतं?"
"त्यात पाणी दिसते का कुठं?"

हसले. मला नाही हसू आलं. जानेवारीत आई गेली, तेव्हा गावाहून, खाप्याहून इथे आणलं. पिशवी अजून उघडली नाही. कपडे तिच्यातूनच काढतात, धुऊन घडी करून तिच्यातच ठेवतात. विचारलं की म्हणतात, जाचंच आहे खाप्याले. आता हे लेकीचं घर काढलं. ज्या माणसाने मला शिकवायला जन्मभर माग चालवला, त्याला माझ्या घरचं पाणी चालत नाही. राग आला.

१६ एप्रिल
मिस्त्री मोजून गेले. साहेबांकडचा कमोड आपल्याला बसत नाही. त्याला भिंतीपासून पाइप बारा इंचांवर लागतो, आपला नऊवर. नऊचा शांत कमोड ऑर्डर दिली तर महिन्याने. किंवा फरशी फोडून पाइप सरकवायचा.
प्र. म्हणाला, राहू दे, साधाच घेऊ, आवाजाने कोणी मरत नाही. मीही हो म्हटलं. जीव थकलाय. साधाच घेऊ.

१८ एप्रिल
सकाळी क्लासमध्ये धप्प आवाज. बाबूजी गॅलरीत पडले होते. मार नाही, चक्कर. दवाखान्यात सलाइनच्या दोन बाटल्या. डॉक्टर मलाच रागावले, बेचाळीस डिग्रीत म्हाताऱ्या माणसाला पाणी देत नाही का? देते हो. रोज तांब्या भरते. रोज रिकामा होतो.

सलाइन चालू असताना बाबूजी एवढंच म्हणाले, "पोरायचा क्लास बुडला ना वं."

२१ एप्रिल
गॅलरीतल्या कुंड्यांकडे दोन आठवडे बघितलं नव्हतं. तुळस गेली. कढीपत्ता काटकी. मोगरा मात्र हिरवागार, फुलांनी लगडलेला. भर दुपारी दीडला माती ओली. बोट घातलं तर चिखल.
मोगऱ्याची कुंडी बाबूजींच्या खिडकीखाली आहे.
प्र.ला सांगितलं. तो म्हणाला, "लेकीच्या घरचं चालत नाही म्हणतात, मग फेकायचं कशाला? तसं सांगायचं सरळ. हे लपवणं आहे, वैशू." पण काय लपवतात?

२२ एप्रिल
दवाखान्याचा खर्च कुठे लिहिला ते शोधताना ही वही मागे चाळली. १ एप्रिल. माझंच अक्षर. "क्लास चालू असताना फ्लश नका करत जाऊ, पोरं हसतात."

सकाळी सात ते दहा. चार ते सात. मधे दहा ते चार रात्रपाळीहून आलेला प्र. हॉलमध्ये कूलरपुढे झोपतो, त्याचीही झोप मोडायची नाही. मग माणसाने जायचं कधी? गेलंच नाही की प्रश्न नाही. प्यायलंच नाही की जायला नको. आणि मला कळू नये म्हणून मोगरा. आणि मी विचारलं तर लेकीच्या घरचं पाणी. माझ्या बापाने माझ्या चुकीवर पांघरूण घातलं आणि मी त्यांच्यावरच रुसून बसले होते.

आधी वाटलं, जाऊन माफी मागावी. दारापर्यंत गेले. सुपारी कातरत होते. "काय पायजे वं?" "काही नाही." माफी मागितली तर त्यांनी लपवलेलं उघडं पडेल, त्याचीच त्यांना जास्त लाज वाटेल. परत आले. रडले थोडी.
मिस्त्रींना फोन केला. फरशी फोडा.

२६ एप्रिल, रविवार
उद्यापासून तोडफोड. क्लास दहा-बारा दिवस बंद, पालकांना कळवलं. मागच्या अंगणातलं इंडियन सीट बाबूजींच्या गुडघ्यांना जमत नाही. म्हणाले, काम होईस्तोवर खाप्याले राहतो. पिशवी घेऊन तयारच होते. प्र.ने सोडलं.
परत नाही येणार. मला माहीत आहे.

३० एप्रिल
घरभर सिमेंट. पाइप सरकला. बाबूजींना फोन केला, ओरडून विचारलं.
"पाणी पिता ना?"
"पेतो ना. दोन तांबे होऊन राहिले दिवसाले. इथं कोन हाय आयकाले?"
बोलून गेले. मग त्यांनीच विचारलं, वांग्याचा भाव काय हाय तिकडं?

४ मे
कमोड बसला. मिस्त्रींनी वर्तमानपत्राचे बोळे टाकून फ्लश केला, एका दमात साफ. मी हॉलमध्ये सात ठिकाणी बसून ऐकलं. दार लावलं की काही नाही, कूलर बंद असला तर नुसतं सुस्स. प्र. आतून ओरडला, "ऐकू आला का?" त्याचा आवाज जास्त.

खाप्याला फोन. या म्हटलं. बघू म्हणाले.

७ मे
आले! "तुझं संडास पाहाले आलो, दोन दिवस." पिशवी खोलीत, दारामागे.

एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. बाबूजींचे कान मागाच्या खटखटीत कधीच अर्धे गेलेत, मोठ्याने बोललं तरच पोचतं. शांत कमोड की दणक्याचा, त्यांना कसं कळणार? फ्लश करून बाहेर आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.
"आला का आवाज?"
"नाही आला."
"खरं सांग."
"शपथ, बाबूजी. तुमची."
माझं ऐकलं की नाही, समजलं नाही.

८ मे
क्लास परत सुरू. संध्याकाळभर माझं अर्धं लक्ष त्या दाराकडे. दार उघडलं नाही.

९ मे
पाच वाजता गेले. मी फळ्यावर, हात तसाच वर. काही ऐकू आलं नाही. पोरांची एकही मान वळली नाही. बाबूजी दारात येऊन थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली, नाही. ते खोलीत गेले. पुढचं गणित मी चुकवलं, पोरांनीच सांगितलं.

१३ मे
दोन दिवसांचे सहा झाले. पिशवीचं मी विचारत नाही. तांब्या दुपारी रिकामा असतो. पण तो तेव्हाही असायचा. कुंडीत बोट घालून बघायला रोज हात शिवशिवतो. बघत नाही. विश्वास ठेवायचा तर दोन्हीकडून ठेवावा.

१६ मे
सकाळचा क्लास सुटला. चप्पल शोधणाऱ्या पोरांच्या गर्दीत बाबूजी खोलीतून बाहेर आले, हातात रिकामा तांब्या.
"वैशू, मोगऱ्याले पाणी टाकत जा वं तू. वाळून राहिला तो."
एवढं बोलून तांब्या माझ्या हातात दिला आणि संडासाकडे गेले.

गॅलरीत गेले. मोगऱ्याने मान टाकली होती, माती भेगाळलेली. दोन तांबे घातले, तिथेच बसून राहिले थोडा वेळ.
पिशवी अजून दारामागेच आहे.