कापडे गावचा नवा बाजार

७ जानेवारी १९३४

बाजार भरला. म्हणजे मी भरलो, भागोजी भरला आणि भागोजीची सुकटीची टोपली भरली. टोपली तर संध्याकाळीही तशीच भरलेली होती.

भागोजी महाडच्या बंदरावरचा मीठ-सुकटीचा व्यापारी. त्याला इथे आणायला मी दोनदा महाडला गेलो, चहा पाजला, गोड गोड बोललो. बैलगाडी जोडून बिचारा आदल्या रात्रीच निघाला होता. जाताना म्हणाला, "मास्तर, बाजार झाक झाला. फकस्त माणसं नव्हती."

शाळामास्तर बाजार भरवतो ही बातमी पार पोलादपूरपर्यंत गेली होती. आजची फजितीही जाईल. उतारच आहे तिकडे!

८ जानेवारी

डोकं थंड झाल्यावर नकाशा पुन्हा उलगडला. चूक माझी नाहीच.

चौथीच्या मुलांना 'आपला मुलूख' शिकवायला हा नकाशा मीच काढला. वर डोंगरातल्या वाड्या, एका अंगाला उमरठ, खाली आमचं कापडे, आणि लांब पोलादपूर. घरटी एक-दोन पुरुष मुंबईला गिरणीत. त्यामुळे माल पिकवायचा बायकांनी आणि वाहायचाही बायकांनी. तूप, हिरडा, कोंबड्या डोक्यावर घेऊन पोलादपूरच्या बाजाराला जायचं, मीठ-सुकट घेऊन यायचं. अख्खा दिवस वाटेत जातो. ट्रेनिंग कॉलेजात आमचे भूगोलाचे मास्तर सांगत की बाजार मध्यावर हवा. चाल वाचली की वेळ वाचतो, वेळ वाचला की माल वाढतो, माल वाढला की गाव वर येतं. मी कंपासचं टोक टेकवून वर्तुळ फिरवलं. कापडे बरोबर मध्ये आलं! इतकी सोपी गोष्ट इतक्या पिढ्यांत कुणाला दिसली नाही, याची मला तेव्हा कीवच आली होती.

नकाशा बायकोला, म्हणजे आवडीला, दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "गोल छान काढलाय."

बायकोला भूगोल दाखवू नये.

१४ जानेवारी

दुसरा बाजार. वडाखाली पुन्हा मी आणि भागोजी. एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

वरच्या वाडीची ठकूबाई कोंबड्यांची डालगी घेऊन समोरून निघाली. मी आडवा गेलो. "आजी, पोलादपूरला कशाला? इथेच विका की."

"हितं कोन घेतो? तुमी घेता?"

"लोक येतील हळूहळू. पण तुमची चाल वाचेल, त्याचं काय?"

"चाल वाचवून काय करू गो बाय?" हे माझ्याशी नव्हतं, मागून येणाऱ्या सोबतिणीशी होतं. दोघी हसल्या. मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "तिकडं मानसं भेटतात, मास्तर."

माणसं भेटतात म्हणे! माल, भाव, वाहतूक हे मला ठाऊक आहे. माणसं भेटणं कोणत्या धड्यात येतं? इरेला पेटून एक कोंबडी मीच घेतली. नव्या बाजारातला पहिला व्यवहार: विकणारी नाखूश, घेणारा शाकाहारी. होय, मी माळकरी आहे, हे कोंबडी हातात आल्यावर आठवलं.

१५ जानेवारी

कोंबडी वर्गात शिरली आणि नकाशावर बसली. घाण केली ती नेमकी कापड्यावर.

१७ जानेवारी

आज मात्र मैदान मारलं.

देवळात गावकी बसली होती. येसाजी पाटील अध्यक्षस्थानी, म्हणजे खांबाला टेकून. मी अर्धा तास बोललो. बाजार दोन गावांत फुटला तर कधीच उभा राहणार नाही; नुकतं लावलेलं रोप आहे, चार महिने कुंपण घाला. मग नियम सुचवला. बाजारवारी आपल्या गावच्या आणि वाड्यांच्या कुणीही पोलादपूरला उतरायचं नाही. जो जाईल त्याने देवाला नारळ द्यायचा आणि गावकीसमोर उभं राहायचं.

नारळाचं कुणाला भय नाही. गावकीसमोर उभं राहायचं म्हटल्यावर सगळे ताठ बसले. पाटील म्हणाले, "मास्तर बोलतात ते बराबर हाय. बाया उगाच दिवसभर हिंडतात." नियम एकमताने पास. सभेला सगळा गाव होता. म्हणजे पाटील, म्हातारे आणि मी. बाकीचे पुरुष मुंबईला आणि बायका रानात.

परतताना छाती अशी काही फुगली होती की शर्टाचं बटण गेलं. आवडीने ते लावून दिलं, पण कशाने गेलं हे विचारलं नाही.

२१ जानेवारी

बाजार भरला! खराखुरा! वडाच्या मुळीपर्यंत टोपल्या. भागोजीची सुकट दुपारीच संपली आणि त्याने मला नमस्कार घातला. हिरडा, तूप, घोंगड्या, नाचणी. एक कासार पण बांगड्या घेऊन आला. मी उगाचच हात मागे बांधून फिरत होतो, एखाद्या मामलेदारासारखा. दोन टोपल्या सरकवायला सांगितल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

जेवताना आवडीने विचारलं, "म्हंजे आता पोलादपूरला कुनीच नाय जायचं?"

"कुणीच नाही."

"मी पन?"

तिचं माहेर घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या पलीकडे. तिथून इथवर आणि परत एका दिवसात होत नाही, आणि नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी पाण्याचा घोट घ्यायचा नाही, म्हणून सासूबाई इथे मुक्कामाला येत नाहीत. लग्न झाल्यापासून मायलेकी पोलादपूरच्या बाजारातच भेटतात. चिमाबाई तूप घेऊन येतात आणि तेल्याच्या दुकानाशेजारी बसतात. आवडी तिथे जाऊन बसते. मी एकदा सोबत होतो. दोघी फारसं बोलतही नव्हत्या, सासूबाई तिच्या वेणीतल्या उवा बघत होत्या.

मी म्हटलं, "एखादा बाजार चुकला म्हणून काय होतं?"

ती म्हणाली, "आय वाट बघत बसंल."

२८ जानेवारी

आज मागच्यापेक्षा मोठा. पुण्याच्या एखाद्या मासिकाला लेख धाडावा म्हणतो. 'डोंगरी मुलुखाच्या उन्नतीचा एक प्रयोग.' लेखकाचं नाव खाली बारीक अक्षरात, म्हणजे लोक मुद्दाम वाकून वाचतील.

आवडीने आज पुन्हा विचारलं. "एकदाच जाऊन येऊ का? लवकर परतते."

मी म्हणालो, ज्याने नियम केला त्याचीच बायको गावकीसमोर उभी राहिली तर मी तोंड कुठे लपवू? तिने ताट वाढलं. भाजीत मीठ जास्त होतं. बाजारात मीठ स्वस्त झाल्याचा परिणाम असावा, असा विनोद केला. मीच हसलो.

३१ जानेवारी

आज भाजीत मीठच नव्हतं.

४ फेब्रुवारी

बाजार तुडुंब. पण काहीतरी बिनसलंय. आवाज नाही. बाजाराला एक कलकल असते, ती नाही. बायका येतात, टोपली ठेवतात, विकतात, उठतात. एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारख्या.

ठकूबाई डालगीवर हात ठेवून बसली होती. गिऱ्हाईक आलं तर "नाय विकायची" म्हणे. मी म्हटलं, आजी, मग आणल्या कशाला?

"पाटलानं सांगितलं बाजाराला चला म्हनून आनल्या. इकायच्या का नाय ते माझं मी बघंन." मग एकदम आवाज चढला. "माझी राही तिकडं किनेश्वराच्या अंगाला दिली. बाजारात यायची, पोर दाखवायची. तुमचा बाजार माझ्या राहीला हितं आनील काय? सांगा. आनील?"

आजूबाजूच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. प्रत्येकीची एक राही तिकडे आहे, किंवा प्रत्येकीची आई. मला हे तेव्हा, त्या वडाखाली उभं असताना उमगलं. कपाळावर हात मारून घ्यायची इच्छा झाली, पण हात मामलेदारासारखे मागे बांधलेले होते.

"बघू," म्हणालो आणि शाळेत जाऊन बसलो. शाळेला सुट्टी होती.

५ फेब्रुवारी

आवडी दोन आठवडे माझ्या ताटासमोर बसून हेच सांगत होती, आणि मी मिठावर विनोद करत होतो. लाज वाटते.

कोणत्या गावची मुलगी कोणत्या गावाला दिली, हे माझ्या नकाशात कुठे आहे? नद्या आहेत, घाट आहेत, मुख्य पिकं आहेत. माणसं पोलादपूरला मीठ आणायला जातात असं मी मुलांना शिकवलं. मीठ हे नुसतं निमित्त होतं. घरातून निघायला काहीतरी सांगावं लागतं ना!

पाटलांकडे गेलो. नियम मागे घ्या म्हटलं. पाटील पान लावत म्हणाले, "मास्तर, तुमीच बोल्लात कुंपन घाला. आता तुमीच काढा म्हनता? शिमग्याला मुंबईची मानसं येतील, मग बघू." हे मात्र मला ठाऊक असायला हवं होतं. गाव इथे असलं तरी गावाचा शब्द मुंबईला राहतो.

शिमगा येईपर्यंत मी थांबणार नाही. येत्या बाजारी मी आणि आवडी दोघे पोलादपूरला जाणार. नारळ देईन, गावकीसमोर उभाही राहीन. वर्गात मुलांना उभं करतो, एकदा आपण राहून बघू.

आवडीला सांगितलं. तिने आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मी थट्टा करतोय का ते. मग म्हणाली, "आयला सुकट आवडते. भागोजीची चांगली असते."

९ फेब्रुवारी

घरात नाचणी भाजल्याचा वास. आवडी लाडू वळते आहे आणि सकाळपासून बोलते आहे. आईला काय काय सांगायचं त्याची उजळणी चालली आहे, त्यात माझ्या कोंबडीची गोष्टही आहे. दोनदा मला ऐकवून बघितली. दोन्ही वेळा मी मूळ प्रसंगापेक्षा जास्त मूर्ख होतो. म्हटलं, सांग. सासूबाईंना हसू आलं तर माझी भरपाई झाली.

गावकीसमोर काय बोलायचं त्याची माझीही उजळणी चालू आहे. 'प्रयोगात सुधारणा' असा शब्द काढला आहे. 'चूक' म्हणायला अजून जीभ वळत नाही. परवापर्यंत वळवीन.

१० फेब्रुवारी

सकाळी आवडीचा भाऊ महिपत आला. दारातच बसला. चिमाबाई काल गेल्या.

ताप होता. लेकीला बोलवा म्हणत होत्या. आमच्या अंगाला निरोप जातो तो बाजारातून. इथली कोणी बाई भेटली की तिच्या कानावर घालायचा, संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. महिपत दोन बाजार तेल्याच्या दुकानाशी बसून राहिला. आमच्या गावचं, वाड्यांचं, एक माणूस दिसलं नाही. त्यांना वाटलं, इकडे पटकीची साथ आली. म्हणून भीतीने कोणी इथवर आलं नाही. आईला सांगितलं, आवडी येते आहे.

महिपतने मला विचारलं, "दाजी, कितीजन गेली हो तुमच्याकडं साथीत?"

आवडी आतून आली, डोईवर पदर घेतला आणि भावाला म्हणाली, "साथ नव्हती रे. आमच्याकडं बाजार होता."