करडईच्या तेलातली आई

मस्तगड, जालना
२० जानेवारी २०२५

चि. सौ. उषा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

प्रेमी चित्रं काढती आन् उषी निस्ती बघत बसती, मंग भाकरी कोन थापणार, असं आई एकदा म्हणाली होती. तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. मी, म्हणजे तिची प्रेमी, कोळशानं ओट्यावर बैल काढत होते आणि तू शेजारी बोट चोखत बसली होतीस. आई शेतातून आलेली, वैतागलेली. पण मला त्यातलं पहिलंच ऐकू आलं. प्रेमी चित्रं काढती. एवढी वर्षं ते मी शाबासकीसारखं जपलं. गेल्या आठवड्यापासून मात्र मला पुढचंही ऐकू यायला लागलंय.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. परवा फोनवर माझा आवाज चढला आणि मी मधेच ठेवून दिला. कागदावर आवाज चढला तर खोडता तरी येतो.

तर आमच्या हौशी मंडळाचं प्रदर्शन पार पडलं. शाळेचं सभागृह, तीन दिवस. माझी सात चित्रं होती. तुझं एक मी मागवून घेतलं, कारण एक भिंत रिकामी दिसत होती. निदान सगळ्यांना मी तसंच सांगत होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की लोक माझ्या भिंतीवरून सरळ चालत जातात आणि तुझ्या भिंतीपाशी थांबतात. आईची पाठ. न्हाऊन दारात केस वाळवत बसलेली, तोंड पलीकडे. तोंड नाही, डोळे नाहीत, आणि लोक उभे!

बरं, ते चित्र ओलं! दिवाळीच्या आधी केलंय म्हणालीस आणि अजून चिकट! एका आजोबांच्या बाहीला आईच्या लुगड्याचा हिरवा रंग लागला. ते चिडायचे तर खूषच झाले, घरी जाऊन दाखवतो म्हणाले. मग मी तिथंच खुर्ची टाकली आणि हात लावू नका, हात लावू नका करत तीन दिवस तुझ्या चित्राची राखण केली. माझी चित्रं ठणठणीत वाळलेली आहेत. त्यांना कुणी हात लावला असता तरी चाललं असतं. कुणी लावला नाही.

आमचे हे आईला गाडीनं घेऊन आले होते. तू कापूस वेचणीत अडकलीस ते एका परीनं बरंच झालं. आईचं मी केलेलं चित्र तुला माहीत आहे, दीड वर्ष घालवलं त्यावर. लग्नातल्या फोटोवरून, नथीचा एक एक मोती. आई त्यासमोर उभी राहिली आणि तिनं, बाई लई देखणी हाय, कोणाकडची, असं मला विचारलं.

आता मला सरळ सांग. तेल कोणतं वापरलंस? आणि आईच्या खांद्यावर, पाठीवर ते भुस्कट काय चिकटलंय?

तिळगूळ पाठवतेय. गोड बोलणं या खेपेला तूच सांभाळ. माझा लोभ आहेच, सध्या जरा आंबट आहे, तसाच घे.

तुझी,
प्रेमला

*

केदारखेडा
२९ जानेवारी

ती. सौ. आक्का हिस,
उषाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. पोस्टमनदादा दारातूनच विचारत होते, आक्काचं पत्र हाय, सगळं बराबर हाय ना म्हणून. मी बिलकुल बराबर हाय म्हणाले आणि आत येऊन वाचलं. वाचून आधी हसले, मंग भाकर करपली.

आक्का, तेलाचं सांगते. तू रंगात कालवायला दिलेली जवसाच्या तेलाची बाटली एवढीशी, ती निम्म्यातच संपली. घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल घरात होतं. म्हणलं हे बी तेल, ते बी तेल. मला काय माहीत त्याला वाळायचा एवढा कंटाळा असतो! कालवणात तर कधी तक्रार केली न्हाई त्यानं.

भुस्कटाचं असं झालं, चित्र वाळावं म्हणून पडवीत उन्हाला ठेवलं आणि त्याच दिवशी खळ्यात सोयाबीनचं मळणीयंत्र आलं. सांजेला बघते तर आईची पाठ भुस्कटानं भरलेली. मी सुई घेऊन एक एक काढायला बसले. तेवढ्यात खुद्द आई आली आणि म्हणाली, राहू दे की, खळ्याच्या दिवसात माझ्या पाठीवर असतंच ते. मंग राहू दिलं.

पांढऱ्या केसांबद्दल तू विचारलं न्हाईस, पण सांगते. तू दिलेल्या ट्यूबा मी लाटण्यानं लाटून लाटून शेवटच्या थेंबापर्यंत काढल्या. त्यात पांढरी नव्हतीच. पांढरा महाग असतो, तो तू तुझ्याकडे ठेवलास, बरोबरच केलंस. मंग मी केसांच्या जागी रंगच लावला न्हाई. कापड तसंच कोरं सोडलं. आजूबाजूचं रंगवत गेले आणि मधले आपोआप केस झाले. हे चालतं का ग? तुला विचारायचं होतं, पण तू हसशील म्हणून फोनवर बोलले न्हाई.

घरी माझी लई चेष्टा होऊन राह्यली. आमचे हे रोज विचारतात, पेंटरबाई, आज ताटात कालवण हाय का कलर.

एक राहिलंच. तिथं भिंतीवर लावलेलं माझं चित्र आईनं बघितलं का? काय म्हणाली? इथं विचारलं तर नुसती, हां बघितलं की, म्हणते आणि शेरडाला चारा टाकायला उठते. तू तिथं होतीस, तू सांग.

आईचा गुडघा जरा कमी हाय. तुझ्या आंबट लोभात इकडचा गूळ टाकतेय, ढवळून घे.

तुझी,
उषा

*

मस्तगड, जालना
८ फेब्रुवारी

चि. सौ. उषा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

केस कोरे सोडलेत हे मी प्रदर्शनातच पाहिलं होतं. मुद्दाम विचारलं नाही. चालतं का म्हणतेस! मी बारा वर्षं पांढऱ्यात निळा, पांढऱ्यात पिवळा कालवून पांढरे केस करते आहे आणि ते कापसाच्या टोपीसारखे दिसतात. तुला पांढरा दिला असता तर तुझेही तसेच झाले असते. मला आता वाटतं, एक मोठी ट्यूब तुला द्यायलाच हवी होती.

वाक्य खोडणार होते. राहू दे.

आता बातमी. संभाजीनगरला मार्चमध्ये सगळ्या जिल्ह्यांच्या हौशी मंडळांचं मोठं प्रदर्शन आहे. प्रत्येक मंडळाचं एकच चित्र जातं. आमचे माऊली सर, मंडळ तेच चालवतात, रविवारी घरी आले. ते का येतायत ते मला माहीत होतं. म्हणजे मला वाटलं, माहीत आहे. तीन वर्षं ते म्हणत होते, प्रेमलाताई, पुढच्या खेपेला तुमचंच. मी सकाळीच आईचं चित्र पुसून बैठकीत ठेवलं होतं, उजेड बरा पडेल असं. पोहे केले, वर शेव घातली. सरांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, चित्राकडे बघून छान म्हणाले आणि खिशातून पेन काढून तुमच्या बहिणीचा पत्ता द्या म्हणाले.

मी दिला. अक्षर जरा वाईट आलं.

तुझं चित्र अजून माझ्याकडेच आहे. ते पाठवायचं तर तुझी परवानगी हवी, ती मला कळव. पण माझं म्हणणं आहे की ते असं पाठवू नये. तिथं जाणकार लोक असतात. भुस्कट बघून म्हणतील, जालन्याच्या बायका चित्र खळ्यात ठेवतात. तू हो म्हण, मी सुईनं आणि मऊ ब्रशनं सगळं साफ करून देते. मला ते काम येतं. हे मी तुझ्या भल्यासाठीच म्हणते आहे असं मी स्वतःला चार दिवस सांगते आहे.

आईनं तुझं चित्र पाहिलं. काही बोलली नाही.

तू ते काढलंस कसं? आईला बसवून ठेवलंस का? ती तर घटकाभर एका जागी बसत नाही.

उत्तर लवकर दे. लोभ मागत नाही, तुझ्याकडे आता पुष्कळ लोकांचा आहे.

प्रेमला

*

केदारखेडा
१७ फेब्रुवारी

ती. सौ. आक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

शेवटची ओळ वाचून मी पत्र उलटं ठेवलं, मंग सरळ केलं. रागावले न्हाई. तू अशी लिहितेस म्हंजे तू बरी आहेस.

साफ करायचं तर कर. तुझा हात हाय, तुला कळतं, मला काय कळतंय? आणि खरं विचारशील तर माझं पाठवूच नको. तुझं पाठव. माऊली सरांना सांग, बहीण नको म्हणाली. मी कधी संभाजीनगरला भिंतीवर लटकायचं मनात आणलं न्हाई. तू बारा वर्षं करून राह्यलीस. माझं आपलं हरभऱ्याच्या आधीचं रिकामपण होतं.

कसं काढलं विचारतेस. आईला बसवलं न्हाई. लग्न होऊन गावातच दिली, त्यामुळं आई रोज डोळ्यापुढं असते, न्हाऊन माझ्याच दारात येऊन बसते. मी मागून चहा घेऊन जाते तेव्हा ती पाठच दिसते मला. बघून बघून पाठ झालेली पाठ हाय ती, दुसरं काही न्हाई.

पण काढताना मला घरात कोणी चालत न्हाई. ह्यांना शेतात पिटाळते, कडी लावते. आई जरी आली तरी कापड भिंतीकडं फिरवते. मागं कोणी उभं राह्यलं की माझा हात थांबतो. तुला आठवतं का, मी पाटीवर मोर काढला होता, तू मागून येऊन माझ्या हातातली पेन्सिल घेतलीस आणि त्याची मान सरळ करून दिलीस? लई सुंदर झाला होता मंग मोर. शाळेत बाईंनी सगळ्यांना दाखवला. तेव्हापासून मागं पाऊल वाजलं की मी पेन्सिल खाली ठेवते. हे तुला टोचायला न्हाई लिहीत, हसायला लिहितेय. मोर तुझाच होता ग.

तू नीट बघितलंस का, आई खरंच काही बोलली न्हाई? मला त्याच एका गोष्टीची आस हाय, संभाजीनगरची न्हाई.

हरभरा चांगला आलाय, हिरवे दाणे सोलून सोलाणा पाठवते. लोभ मागायचं तू सोडलंस तरी मी द्यायचं सोडणार न्हाई.

तुझी,
उषा

*

मस्तगड, जालना
२ मार्च

चि. सौ. उषा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

माझं पाठवूच नको, तुझं पाठव, हे तुझं वाक्य वाचून मी पत्र दोन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं. तू मनापासून लिहिलंस हे मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग आला. भांडून हिसकावलं असतंस तर मला परत हिसकावता आलं असतं. जिनं मागितलंच नाही तिच्याशी कसं भांडायचं?

तुझं चित्र मी टेबलावर घेतलं, खिडकीपाशी, भर दुपारी. सुई घेतली. खांद्यावरचा सगळ्यात मोठा तुकडा आधी उचलला. नीट निघाला, रंगाला धक्का लागला नाही. माझा हात अजून चांगला आहे. पण तो निघाला आणि तिथला खांदा नुसता हिरवा रंग होऊन बसला. म्हणजे लुगडं होतं ते रंग झालं. मी लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. मग तो तुकडा परत लावायचा ठरवला. माझ्या चांगल्या जवसाच्या तेलानं तो चकाकायला लागला, परका दिसायला लागला. शेवटी मी चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून करडईचं तेल आणलं आणि त्यानं चिकटवला. बारा वर्षांत मी शिकले ते सगळं मोडून. आता कुठला तुकडा मी काढला होता ते तुलाही ओळखता येणार नाही. मला येतं.

चित्र माऊली सरांबरोबर गेलं. भुस्कटासकट. चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे लावून दिले, म्हणजे वरून काही टेकणार नाही. पाठीमागे तुझं नाव मी लिहिलं, या खेपेला अक्षर बरं काढलं. हात लावू नका असा कागद मात्र दिला नाही. लागू दे कुणाच्या बाहीला.

आता आईचं. ती काही बोलली नाही हे मी खरं लिहिलं होतं, पण पुरतं लिहिलं नव्हतं. माझ्या चित्रासमोर ती बोलली. तुझ्या चित्रासमोर गप्प उभी राहिली. तुझ्या चित्रात तिचा पदर खांद्यावरून घसरलाय, तुला माहीतच आहे. आई ते बघत होती आणि बघता बघता तिनं हात वर नेला आणि स्वतःचा पदर खांद्यावर ओढून घेतला. तिचा पदर तेव्हा व्यवस्थित होता, उषा. तिला कळलंसुद्धा नाही आपण काय केलं. ह्यांना कळलं नाही, कुणालाच नाही. मी खुर्चीवर बसून ते पाहिलं आणि तुला सांगायचं नाही असं तिथंच ठरवलं. माझी एवढी चित्रं झाली, त्यातल्या एकासमोर कुणी एकदा असा पदर ओढावा म्हणून मी रंग कालवते आहे. ते तुझ्या चित्रासमोर झालं. तुझं आहे, म्हणून तुला देऊन टाकते आहे.

मोर मला आठवत नव्हता. आता आठवतो. त्याची मान वाकडीच होती, मागे वळून बघत होता तो. मोर बघतात तसे.

एक मागणं आहे. हरभरा निघाला की मला दोन दिवस केदारखेड्याला येऊ दे आणि तू काढत असताना तुझ्या खोलीत बसू दे. मागे नाही, बाजूला, भिंतीला टेकून. पांढऱ्याची मोठी ट्यूब आणते, वापरली नाहीस तरी चालेल. मी बोलणार नाही. पेन्सिल मागणार नाही. भरवसा नसेल तर माझ्या पुढ्यात सुपभर तूर ठेव निवडायला, म्हणजे हात गुंतलेले राहतील. हे सगळं मायेनं मागते आहे असं समजू नकोस. तू काय बघतेस ते मला चोरायचं आहे, आणि ते जमलं नाही तर ते कशामुळं जमत नाही तेवढं तरी बघायचं आहे.

तू कडी लावशील हे मला माहीत आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही लावली असती. तरी विचारते आहे, उषी. एकदा तू काढ, आणि मला नुसतं बघत बसू दे.

तुझी,
आक्का