मामीचा आवाज कुणी खाल्ला

मामा, जय भीम.

मेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांचा मला वीट येतो. जिवंतपणी दोन शब्द बोलत नाहीत आणि मग कागद भिजवत बसतात. तरी आज लिहितोय. रविवारी तुझा पहिला स्मृतिदिन झाला, आणि तिथं जे घडलं त्याची किळस अजून तोंडातून जात नाही. पान खाऊन पाहिलं, बडीसोप खाऊन पाहिली. जात नाही!

विहारामागच्या मांडवात सगळे जमले होते. भाड्याचा साउंड नको, तुझाच बॅटरीवरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर सेट लावायचा, हा मामीचा हट्ट. "ज्यानं साऱ्या अमरावतीले आवाज देल्ला, त्याच्या कार्यक्रमात दुसऱ्याचा भोंगा कायले?" खरंच होतं तिचं.

आधी बोलले तुझे चुलतभाऊ, ते साहेब. जन्मभर तुला 'भोंगेवाला' म्हणाले. भर लग्नात, पंगतीत बसून, "ओ भोंगेवाले, कान फोडता काय?" आणि रविवारी माइक हातात आल्यावर? "थोर ध्वनितज्ज्ञ आपल्यातून गेला!" शिसारी आली मला. आवाज फाटत होता, खरखरत होता, पण साहेब ओरडत होते म्हणून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होते.

मग मामी उठली. मामा, आपली मामी! चार बायांत बोलायचं झालं तरी पदर तोंडाशी धरणारी. माइकसमोर उभी राहिली आणि पाच मिनिटं बोलली. ओठ हलत होते, भोंग्यातून मात्र काहीच येत नव्हतं. मधूनच एखादं अक्षर खर्रकन यायचं, की पुन्हा शांत. आणि लोक माना डोलवत होते! एकानंही म्हटलं नाही, की बाई, ऐकू येत नाही. वर टाळ्या वाजवल्या. ढोंगी लेकाचे.

खाली येऊन तिनं मलाच विचारलं, "बराबर बोल्ली ना रे मी, सुमेध?"

"हो मामी, एक नंबर."

त्या सगळ्या ढोंग्यांत पहिला मी. कारण तिचा आवाज कुणी खाल्ला ते तिथं फक्त मला माहीत होतं. मी खाल्ला होता.

आता नीट सांगतो. रागावशील, रागाव.

अकोल्याच्या जठारपेठेतली प्रणाली तुला सांगितली होती ना? बँडमध्ये गाते ती. तू तेव्हा म्हणाला होतास, "पोरीसाठी कॉलेज सोडलं का कॉलेजसाठी पोरगी धरली, एकदा ठरव बे." दोन्ही नव्हतं, मामा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी एचओडीशी भांडलो आणि फाइल त्याच्या टेबलावर आपटून निघालो, ते निघालोच. पण तिच्या बँडमध्ये मला गिटार वाजवायची होती, हे खरं. मी वाजवून दाखवली तर ती हसली. म्हणे, "तुझी गिटार फार सोज्वळ आहे रे. शाळेच्या प्रार्थनेला चालेल."

सोज्वळ! मी! त्याच दिवशी ठरवलं, डिस्टॉर्शनचं पेडल बनवायचं. पायाशी ठेवायची डबी असते ती. गिटारची वायर तिच्यात घालायची, पायानं बटण दाबायचं, की स्वच्छ आवाजाच्या चिंधड्या होतात. तू जन्मभर ज्याच्याशी भांडलास ते मुद्दाम करणारं यंत्र! तुला सांगितलं असतं तर पोट धरून हसला असतास. "आवाज फाडाले मशीन? फाटलेला आवाज मी फुकटात देतो ना बे, शंभर भोंगे पडले हायेत!"

सर्किटचा नकाशा मोबाइलवर मिळाला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. अडलं दोन ट्रान्झिस्टरांपाशी. जुने जर्मेनियमचे हवे होते, टोपीवाले. बाजारात कुणाकडे नाहीत. होते ते तू गेल्यापासून माझ्याकडे पडून असलेल्या तुझ्या सेटमध्ये. लाल ठिपक्यांची जोडी.

ती जोडी तू कशी जमवलीस ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. चाळीसेक जुने ट्रान्झिस्टर मीटरवर मोजत बसलास, आणि अगदी सारखे दोन सापडल्यावर मामीचं नेलपॉलिश आणून दोघांच्या डोक्यावर ठिपका दिलास. मामी ओरडली, "माह्यं नेलपॉलिश मशीनले लावून रायले!" तू म्हणालास, "लगन लावलं यायचं. आता याले एकटं काढाचं नाई."

मी दोघांनाही काढलं. तेवढी अक्कल होती.

त्यांच्या जागी बाजारातले नवे सिलिकॉनचे दोन बसवले, म्हणजे उघडून पाहिलं तरी सेट भरलेला दिसावा. आणि तपासला कसा? माइक धरला आणि ओरडलो, "हॅलो! हॅलो!" वाजला. झालं, झाकण लावलं.

इथंच माती खाल्ली मी. कौंडण्यपूरच्या यात्रेत तू मला काय सांगितलं होतंस? हरवलेल्या माणसांची नावं तुझ्या भोंग्यावरून पुकारायची होती आणि तू पुटपुटून पुटपुटून माइक तपासत होतास. मी म्हटलं, जोरात बोल की. तर म्हणालास, "मशीनले ओरडून नाई इचारत. ओरडणाऱ्याचं कोनीबी आयकते. रडून रडून घसा बसलेल्या मायचं जाते का नाई, ते पाय." जुने ट्रान्झिस्टर हळू बोललं तरी दार उघडतात, त्या सर्किटात नव्यांना जोराचा धक्का लागतो. धक्क्याखालचा आवाज आतच मरतो. साहेबांना दार उघडलं. मामीला नाही.

पेडल मात्र झकास झालं. अकोल्यात वाजवलं तर प्रणालीचे डोळे मोठे झाले. "कुणी बनवलं?" मी म्हटलं, "मीच." मामा, तुझं नाव आलं नाही माझ्या तोंडात. तिथं सगळ्यांची पेडलं परदेशी, मध्ये भोंगेवाल्या मामाचं काय सांगायचं, असं वाटलं. साहेबांना शिव्या देतोय मी, पण माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? ते निदान तुझ्या तोंडावर म्हणायचे.

शनिवारी प्रणालीच्या बँडचा कार्यक्रम आहे. तिनं मला बोलावलं होतं. "तुझ्या डबीसकट ये" म्हणाली. आज दुपारी डबी खोलली आणि जोडी काढली. त्यांचे पाय चिमट्यात धरून सेटमध्ये सोल्डरचा डाग दिला, तू द्यायचास तसा, म्हणजे उष्णतेनं मरू नयेत. बोट भाजलं. प्रणालीला लिहिलं, डबी गेली, मी नुसती गिटार घेऊन येऊ का? तिनं लिहिलं, "मग राहू दे." एवढंच! या तीन शब्दांचीसुद्धा किळस यायला पाहिजे होती. आली नाही. नुसतं दुखलं.

सेट जोडला, भोंगा अंगणात ठेवला आणि माइकवर हळू बोलायला गेलो तर काही सुचेना. जन्मभर ओरडायचीच सवय. शेवटी ओठातल्या ओठात म्हटलं, "चुकलो."

तर भिंतीपलीकडून शेजारची काकू विचारते, "काय चुकलं रे सुमेध?"

गेला, मामा! स्वच्छ गेला!

उद्या सकाळी सेट घेऊन मामीकडे जातो. तिला खरं सांगतो: रविवारी तिचा एक शब्दही कुणाला ऐकू आला नाही, आणि ते माझ्यामुळं. ती रडेल, मारेल, दार लावून घेईल. लावू दे. मी ओट्यावर बसून राहीन. ती तुझ्याबद्दल काय बोलली ते आम्हा कुणालाच माहीत नाही, आणि ते ऐकल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. हा शब्द देतो. तिला माइकवर बोलायचं नसेल तर माइकशिवाय. मी जवळ जाऊन बसेन.

तुझा,
मधातच सगळं सोडणारा भाचा,
सुमेध